करवंदपाड्याच्या विहिरीची पहिली घागर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गोधड्या पिळणं. दिवाळी उरकली होती. थंडी पडायच्या आत गोधड्या धुवायच्या, हा तिचा नेम. सिन्नरला आमच्या खोलीमागे नळ आहे, नळाखाली धोंडा. तिने आपटायचं, मी पाणी घालायचं, आणि पिळताना दोन टोकं दोघांनी धरायची. भिजलेली गोधडी एकट्या माणसाच्याने पिळली जात नाही. आणि दर वर्षी माझं तेच. ती ज्या अंगाला पीळ देई त्याच अंगाला मी देई, आणि गोधडी नुसतीच गोल फिरे. ती म्हणाली, "जन्म गेला गोण्या उचलण्यात, पण पीळ काही कळला नाही. तुम्ही तिकडं पिळा, मी इकडं."

बोलणं चाललं होतं तिच्या माहेरच्या विहिरीचं. बोईसरच्या पुढे, डोंगराच्या अंगाला करवंदपाडा आहे. तिच्या आज्याने तिथे विहीर खोदली. त्या पाड्याची रीत अशी की विहीर पुरती उपसली, तर नव्या पाण्याची पहिली घागर खोदणाऱ्याच्या घरातल्या थोरल्या माहेरवाशिणीने काढायची. तोवर त्या पाण्याला कोणी हात लावत नाही. थोरली माहेरवाशीण म्हणजे आमची जानकी. आता खदानवाल्या कंपनीने ती विहीर गाळाने भरवली होती आणि सरकारने कान पिळल्यावर उपसायला घेतली होती. फाल्गुनात तिला बोलावणं होतं. गोधडी झटकत ती म्हणाली, "पाणी निवळलं असेल तरच काढीन. नाहीतर तीच घागर त्या कंपनीवाल्याच्या डोक्यावर ओतीन."

एक गोधडी राहिली. उद्या करू म्हणाली. रात्री छातीत कळ आली आणि ती गेली. ती गोधडी मी तशीच घडी करून फळीवर ठेवली.

दहाव्याला तिचा भाऊ काशिनाथ आला होता. जाताना दारात उभा राहून म्हणाला, "भावजी, बायची तांब्याची घागर तुमच्याकडं हाय. तुमी घेऊन या. घागर आली म्हंजे बाय आली."

मी म्हटलं, येईन. पण पाणी बघेन आणि मगच काढेन. तिने सांगितलेलं आहे.

तर फाल्गुन सरता सरता मी निघालो. माझी शाळा चौथीपर्यंत. लिहिण्याची सवय नाही. पण मार्केटातल्या हमालांनी परत आल्यावर धरून बसवलं, एवढं पाहून आलास तर लिहून काढ म्हणाले. म्हणून हे.

नाशिकहून पालघरची एस.टी. धरली. घागर मांडीवर. ही घागर तिला लग्नात माहेरून आलेली, तांबटाने ठोकून केलेली, बुडाशी ठोक्यांच्या ओळी आहेत. कंडक्टर तरुण होता. घागरीवर टिचकी मारून म्हणाला, "हिचं अर्धं काढू का फुल?"

मी म्हटलं, "रिकामी आहे. येताना भरलेली असेल, तेव्हा बघू."

त्र्यंबक सोडलं की रस्ता खाली उतरायला लागतो. माझ्या ओळखीचा रस्ता. जवानीत मी लॉरीवर हमाल होतो. वर जाताना सुकट, खाली येताना कांदे. तेव्हा मोखाड्याच्या चढावर लॉरी तापली की आम्ही झाडाखाली झोपायचो. झाडं आता कमी झालीत, तरी पळस तसाच पेटलेला होता आणि मोहाची फुलं गोळा करायला बाया टोपल्या घेऊन सकाळीच बाहेर पडलेल्या. जव्हारला गाडी थांबली. चहा घेतला. गूळ घातलेला, दूध नावाला. एक म्हातारी पानाच्या द्रोणात करवंदं विकत होती, अजून हिरवीच. मी म्हटलं, आंबट असतील. ती म्हणाली, "आंबट हाय म्हनून तर मीठ देते. गोड असती तर मी नसती खाल्ली?" मी द्रोण घेतला. दात आंबले ते पालघर येईपर्यंत.

मनोर गेलं की हवा बदलते. अंगाला चिकटते. पालघरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा सुक्या मासळीचा वास आला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं असेल म्हाताऱ्याला वास सोसत नाही.

तिथून दुसऱ्या गाडीने बोईसर. मी पाहिलं तेव्हा तिथे स्टेशन होतं आणि गवत होतं. आता कारखान्यांचा गाव झालाय. पाळी सुटली की निळ्या बसमधून माणसं उतरतात, एका खोलीत सहा-सहा जण भाड्याने राहतात, साताऱ्याचा आहे, खानदेशातला आहे, बिहारचा आहे. रिक्षावाला मराठी माणसाशीसुद्धा हिंदी बोलतो. वाऱ्याची दिशा फिरली की घशात औषधासारखं काही उतरतं. मी खोकलो तर रिक्षावाला म्हणाला, "दो दिन में आदत हो जाएगी." ही सवय लागावी असं मला काही वाटलं नाही.

स्टेशनजवळ खानावळीत जेवलो. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण. शेजारी कारखान्यातला एक फिटर जेवत होता, जळगावचा. मी त्याला सरळ विचारलं, कंपनीला दंड झाला म्हणजे काय होतं?

"काय होतं? सायकलला दिवा नाही म्हणून पोलीस पावती फाडतो, तसं," तो म्हणाला. "पावती फाडली म्हणून सायकलला दिवा येतो का? आमच्याकडे एकदा टाकी फुटली. साहेब आले, बाटलीत पाणी भरून नेलं. दंड झाला. पुढच्या दिवाळीला तोच साहेब मिठाई खायला होता."

ऐकून मला बरं वाटलं. मी भांडायच्या तयारीनेच आलो होतो, आणि भांडायला कारण लागतं.

दुसऱ्या दिवशी खदानीकडे जाणारा रिकामा डंपर मिळाला. ड्रायव्हर उत्तरेकडचा, कपाळाला फडकं बांधलेला. "बाबा, ये घड़ा लेके किधर?" मी विहिरीचं नाव सांगितलं तसा तो हसायचा थांबला. म्हणाला, खदान बंद आहे. त्या विहिरीचं पाणी चालू झाल्याचा पंचनामा होत नाही तोवर मशीन सुरू करायचं नाही, असा ठाण्याच्या सरकारी ऑफिसचा हुकूम. गाडी रिकामी फिरते, तिच्यात गाळ भरून आणायचा आणि खदानीच्या जुन्या खड्ड्यात टाकायचा, एवढंच काम. "जल्दी पानी निकालो बाबा. घर में चूल्हा ठंडा है."

म्हणजे विहिरीकडे डोळे लावून बसलेले पाड्यातलेच नव्हते.

करवंदपाडा चढावर आहे. कुडाची घरं (कारवीच्या काठ्या उभ्या करून शेणमातीने लिंपलेल्या भिंती), दारात सागाचे खांब, आणि खाली पायऱ्यापायऱ्यांची भाताची शेतं. वरचा डोंगर खदानीने अर्धा कापलेला. उरलेला डोंगर चावा घेतलेल्या भाकरीसारखा दिसतो. काशिनाथ बांधावर उभाच होता. त्याने आधी माझ्या हातातली घागर घेतली, कपाळाला लावली, मग माझ्या पाया पडला.

"उतरलात?" त्याची बायको रखमी आतून ओरडली. "पानी मागू नका हां भावजी. पानी नदीवरून येते, मोजून हाय."

मग तिनेच लोटाभर आणून दिलं.

काय घडलं ते दोघांनी मला शेत दाखवत सांगितलं. खडी फोडताना राखाडी भुकटी पडते, तिला कच म्हणतात. कंपनीने वर उतारावर कचेचा ढीग घातला आणि खाली मातीचा बांध घातला. श्रावणातल्या पावसात बांध गेला. राखाडी चिखल ओढ्याने खाली आला, शेतात पसरला, विहिरीत उतरला. भात उभं होतं ते आडवं झालं. सिमेंट ओतल्यासारखं वाळलं. ठाण्याहून साहेब आले, पंचनामा झाला, कंपनीला दंड झाला. तेव्हाच्या मॅनेजरने दंड भरला आणि त्याच जागी पुन्हा मातीचाच बांध घातला.

"दंड सरकारनी नेला," काशिनाथ म्हणाला, "गाळ आमाला ठेवला."

पुढच्या पावसात बांध पुन्हा गेला. मग मात्र बंदीचा हुकूम निघाला, आणि कंपनीने तो मॅनेजर काढून सोलापूरकडचे कदम नावाचे मॅनेजर आणले.

"हा कदम कसा आहे?" मी विचारलं.

रखमी भाकऱ्या थापत होती. "माणूस हाय," ती म्हणाली. "पयल्या दिवशी टँकर घेऊन आला. आमी बायांनी टँकर परत लावून दिला. म्हटलं, तुझा टँकर प्यायलो तर तू विहीर इसरशील, आनी आमी पन इसरू. आमी नदीवर जातो. तू रोज आमाला जाताना बघ."

नदी लांब आहे. मी पुढे दोन दिवस त्या बायांना डोक्यावर तीन-तीन भांडी घेऊन चढताना पाहिलं. तो रस्ता खदानीच्या ऑफिसच्या दारातूनच जातो. दुसरा जवळचा रस्ता आहे. त्या मुद्दाम ह्याच रस्त्याने जात होत्या. कदम आल्या दिवसापासून. भांडण नाही, घोषणा नाही, रोज दारातून जायचं. असलं भांडण मला ह्या वयात पहिल्यांदा कळलं.

कदम विहिरीवर भेटले. चाळिशीचा, रापलेला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. मी रामराम घातला नाही. म्हटलं, "मी जानकीचा नवरा. पाणी बघायला आलोय."

"बगा की," ते म्हणाले. "तुमचीच वाट बगत होतो."

विहिरीत इंजिन लावून पाणी उपसत होते. सोलापूरकडची वडार मंडळी आत उतरून टोपल्यांनी उरलासुरला गाळ वर देत होती. काशिनाथने मला आधीच सांगून ठेवलं होतं की मागच्या महिन्यात गाळ निघाला तरी झरा फुटेना, तेव्हा कदमांनी एक लहान बार उडवायचं ठरवलं होतं. खदानवाल्याचं तसंच. काही अडलं की त्याला सुरुंगच सुचतो. दारूची कांडी घेऊन माणूस आत उतरलासुद्धा होता. काशिनाथ जाऊन त्याच्याशेजारी खाली बसला. म्हणाला, "पेटवा. मी हितंच हाय. झरा घाबरून दुसरीकडं गेला तर मला तरी कुटं जायाचं हाय?" कदमांनी कांडी वर आणायला लावली आणि वडारांना छिन्नी-पहारीने दगड फोडायला बसवलं. झरा हाताने मोकळा झाला.

मी हे कदमांच्या तोंडावर विचारलं. ते हसले. "खरं हाय. बारावर जगणारी माणसं आमी. विहिरीला बार लावायचा नसतो हे मला वडारानं आदी सांगितलं हुतं, पन मी त्याला गप बसवलं. तुमचा मेहुणा खाली बसला तवा उजाडलं."

पंचनाम्याला ठाण्याचे साहेब दुसऱ्या दिवशी यायचे होते. पाणी आलं होतं. कंबरभर होतं, वरून बघितलं तर निळंशार. पाड्यातली माणसं सकाळपासून जमली. बायांनी काठ सारवला, हळदकुंकू वाहिलं. वडारांची पोरंबाळं एका बाजूला, खदानीचे ड्रायव्हर दुसऱ्या बाजूला. साहेब जीपमधून उतरले, खुर्चीवर बसले, कागद मांडीवर घेतला. स्वतःच्या पाण्याची बाटली पायाशी ठेवली.

काशिनाथने घागर माझ्या हातात दिली. दोर बांधला. मी सोडली, भरली, आणि वर ओढायला लागलो. हाताला बळ राहिलेलं नाही. रहाटाला दोर अडकला, घागर मध्येच लोंबकळली. कोणी पुढे येईना, कारण रीत अशी की काढणारीनेच काढायची. तेवढ्यात मागून रखमीने दोराला हात घातला. मला विचारलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. ओढायला लागली. घागर वर आली.

मी ती उन्हात काठावर ठेवली. जानकी नेहमी सांगायची, "आमच्या विहिरीचं पाणी कसं, तर घागर उन्हात ठेवली की बुडाचे ठोके मोजावेत." मी वाकून आत पाहिलं. ठोके दिसत नव्हते. पाणी दिसायला बरं, पण खाली धुकं असल्यासारखं. मी म्हटलं, जरा थांबू. माणसं थांबली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. बऱ्याच वेळाने मी घागर हळूच कलती केली. बुडाशी साय धरावी तशी राखाडी कच बसली होती.

मी घागर आडवी केली आणि सगळं पाणी जमिनीवर ओतून टाकलं.

"ही पहिली घागर नाही," मी म्हटलं. "तिने निवळलेलं पाणी सांगितलं होतं."

ड्रायव्हरांतून एकाने कपाळावर हात मारला. कालचा डंपरवाला. "अरे बाबा," एवढंच बोलला. पाड्यातला एक म्हातारा पुढे आला. "आवो, चालेल येवडं. फडक्यानं गाळू. आमच्या बाया थकल्या." तो खोटं बोलत नव्हता. बायांचे पाय मी पाहिले होते. माझा स्वतःचा जीव मागे सरला. मी उद्या सिन्नरला जाणार, नदीवर जाणार त्या.

मी रखमीकडे बघितलं. ती म्हणाली, "मी थकली नाय."

साहेब म्हणाले, "अहो, पाणी लागलंय, गाळ निघालाय. हुकुमात तेवढंच लिहिलंय. कदम, मी सही करतो, तुम्ही मशीन चालू करा. बाकीचं होत राहील."

आता मी सांगतो ते नीट वाचा, कारण मी घरून निघालो तेव्हा ह्याच्या बरोबर उलटं होणार अशी पैज लावली असती. त्या सहीसाठी खदान बंद होती. कदमांच्या डोक्यावर वरचे मालक बसलेले, खाली मजूर बसलेले. त्यांनी गप्प राहायचं होतं, बस्स. ते घागरीजवळ आले. बुडातली कच बोटावर घेतली, अंगठ्याने चोळली.

"ही जुनी न्हवं," ते म्हणाले. "ही अजून येतीया. साहेब, सही करू नका."

"म्हणजे?"

"बांधकामाच्या मागं कच भरलीया. दगडाच्या फटीतनं झिरपतीया. आज सही केली तर पावसाळ्यात पुन्हा हितंच खुर्ची टाकून बसाल. मी लिहून देतो, विहीर झाली न्हाई म्हणून."

साहेबांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "आजवर कंपनीने मला सही करा म्हणून सांगितलं. करू नका म्हणणारे तुम्ही पहिले." आणि जीपमध्ये बसले.

विहिरीची वरच्या अंगाची भिंत खोलावी लागली. दगड एकेक करून काढायचा, त्यावर खडूने खूण करायची, मागची कच ओरबाडायची आणि तोच दगड तिथेच बसवायचा. चुना नाही, सिमेंट नाही. वडारांनी केलं. त्यांचा मुकादम मला म्हणाला, "बाबा, तुमच्यामुळं आमची रोजी लांबली. पन भिंत आता माझ्या नातवाला बी बगायला मिळंल." वर उतारावर कदमांनी कचेचा ढीगच हलवायला घेतला. रिकामे फिरणारे डंपर भरून खदानीतल्या जुन्या खड्ड्यात ओतत होते. डंपरवाल्याने मला पाहून हात केला. चूल थंड असतानाही केला. त्याचं मला विशेष वाटलं.

त्या दिवसांत एकदा काशिनाथ मला घिवलीला घेऊन गेला, दर्या दाखवायला. लॉरीच्या काळात मी तिथे सुकट भरायला जायचो. वाळूत होड्या ओढून ठेवलेल्या, काठ्यांवर बोंबील टांगलेले, आणि त्यांच्या मागे वीज केंद्राच्या मोठाल्या इमारती. एका कोळणीकडून बोंबील घेतले. बोलता बोलता विहिरीची गोष्ट निघाली. तिने ऐकून घेतली. मग म्हणाली, "बरा हाय तुमचा साहेब. विहीर उपसतो. आमच्या खाडीत कारखान्याचं पानी येतं, मासा लांब गेला. आमचा दर्या कोन उपसणार, सांग ना?"

तिने दोन बोंबील वरून जास्त घातले. "जा, म्हातारीला खिलव," म्हणाली. मी सांगितलं नाही.

भिंत पुरी झाली, पाणी उपसून पुन्हा भरू दिलं, आणि साहेबांना निरोप गेला. माणसं पुन्हा जमली. मी घागर सोडली. रखमी आधीच मागे दोर धरून उभी होती. वर काढून उन्हात ठेवली. पाणी स्थिर होऊ दिलं. मी वाकलो. ठोके दिसत होते. बाहेरून आत एकेक ओळ, अगदी मधल्या बारीक ठोक्यापर्यंत.

काशिनाथ शेजारी वाकला. त्याने पाहिलं आणि तोंड पदराने झाकावं तसं उपरण्याने झाकलं. मी विहिरीकाठच्या उंबराच्या मुळाशी थोडं पाणी घातलं, जानकीचं नाव घेतलं, आणि घागर रखमीच्या हातात दिली. मग बाया पुढे आल्या. कोणी हसत होती, कोणी दुसरीच्या अंगावर पाणी उडवत होती. जी नदीवरून आली होती तिने आपल्या हंड्यातलं पाणी तिथेच भुईवर ओतलं.

"दुसरी घागर कंपनीची," रखमी मोठ्याने म्हणाली. हा तिचाच करार. विहीर चालू झाल्यावर खदानीच्या ऑफिसातला पिण्याचा माठ रोज ह्याच विहिरीवरून भरायचा. ज्याने विटाळली त्याने प्यावी. कच पुन्हा आली तर आधी कंपनीच्या साहेबांच्या घशाला कळेल, मग आमच्या.

कदमांनी ओंजळ धरली. रखमीने ओतलं. ते पोटभर प्याले, मिशा पुसल्या आणि बाजूला झाले.

साहेब कागद उघडत होते. कदम म्हणाले, "साहेब, सही नंतर. पाणी आदी."

साहेबांनी पायाशी ठेवलेल्या बाटलीकडे पाहिलं. रखमीने घागर कलती केलेलीच होती. "घ्या ना दादा, इख नाय त्यात," ती म्हणाली. माणसं हसली. साहेबही हसले, बूट मागे सारले आणि ओंजळ धरली. मग सही झाली.

दुपारी वर खदानीत मशीन चालू झालं. पाड्यातल्या पोरी कान झाकून पळाल्या. तो आवाज कोणाला गोड लागणार नाही, मलाही लागला नाही. डोंगर कापला जातोच आहे, आणि कदमांची बदली झाली म्हणजे पुढचा कसा निघेल ते देव जाणे. पण निघताना मी ऑफिसावरून मुद्दाम गेलो. दाराशी माठ होता, ओला, वर झाकणी, आणि कंपनीचा शिपाई कळशी खांद्यावर घेऊन विहिरीकडून येत होता. चढताना थांबून दम खात होता. बाया त्याला हसत होत्या. "काय रे, येका कळशीला दमला?"

काशिनाथने माझी घागर भरून दिली, तोंडाला फडकं बांधून. जव्हारच्या वळणांवर ती हिंदकळली. पुढच्या बाकावरच्या मास्तराची पिशवी भिजली, त्याने मला चार शब्द सुनावले. मी ऐकून घेतले. कंडक्टर योगायोगाने तोच. फडकं उचलून आत बघितलं आणि म्हणाला, "आजोबा, एवढ्या लांबून पाणी? नाशकात नळ नाहीत?"

"पिऊन बघ," मी म्हटलं. तो आपल्या बाटलीच्या टोपणात घेऊन प्याला. घागरीचं तिकीट काढलं नाही.

दंड म्हणजे काय, ते मी आता माझ्यापुरतं सांगतो. सरकारने केला तो दंड एकदा भरला की संपतो. रखमीने केला तो रोज सकाळी भरावा लागतो, आणि भरणाऱ्याला तहान भागल्याचं सुखही मिळतं. असा दंड करणारी बाई आणि असा भरणारा माणूस एकाच डोंगराखाली मी पाहिले. जानकीने ते पाहायला हवं होतं. ती नक्की म्हणाली असती, मी सांगत होते ना, आमचं पाणीच तसं. तिचं डोक्यावर ओतायचं तेवढं राहिलं. पण कदमांच्या डोक्यावर तिनेही ओतलं नसतं.

घरी पोचलो तेव्हा घागर अर्धी उरली होती. ती देवाजवळ ठेवली आणि झोपलो.

सकाळी उठून फळीवरची गोधडी काढली. नळाखाली धुतली, आपटली, आणि शेवटचं पाणी म्हणून घागरीतलं घातलं. मग शेजारच्या भिकाच्या दाराशी गेलो. तो दात घासत होता. त्याच्याकडे मी इतक्या वर्षांत काडेपेटीसुद्धा मागितली नव्हती. म्हटलं, "चल, एक टोक धर."

तो आला, तोंडात राख तशीच. टोक धरलं आणि पिळायला लागला. गोधडी नुसतीच गोल फिरली.

"असं नाही," मी म्हटलं. "तू तिकडं पीळ. मी इकडं."